पोर्गीचा शेवट : एक कादंबरी रंगमंचावर येते तेव्हा



आज एका शोकांत प्रेमकथेबद्दल बोलायचं आहे. डुबोझ हेवर्ड या अमेरिकन लेखकाची 'पोर्गी' ही छोटीशी कादंबरी १९२५ साली आली. दोन वर्षांनी तिचं गद्य नाटक झालं आणि दहा वर्षांनी संगीत नाटक झालं. हे संगीत नाटक म्हणजे 'पोर्गी अँड बेस', संगीतकार जॉर्ज गर्श्विन. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांनीसुद्धा त्यातलं 'समरटाइम' हे अंगाईगीत कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. हॉटेलात, लिफ्टमध्ये, कुणाच्या तरी सॅक्सोफोनवर. ते गाणं आता कथेपासून इतकं सुटं झालं आहे की ते कुठलं, हे कुणी विचारतही नाही.

आम्ही मात्र आज गाण्यांपेक्षा शेवटाबद्दल जास्त बोलणार आहोत. कारण कादंबरीचा शेवट एक आहे आणि संगीत नाटकाचा दुसराच आहे. हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो. तो तसा नाही, असं आमचं म्हणणं आहे.

आधी कथा सांगून टाकू. दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन नावाचं बंदराचं शहर. तिथल्या धक्क्याजवळ कॅटफिश रो नावाचा एक जुना वाडा. पूर्वी श्रीमंतांचा, आता कृष्णवर्णीय कोळी, हमाल, मोलकरणी यांनी भरलेला. आपल्या चाळीसारखा, मधल्या चौकात सगळ्यांचं सगळं चालतं. तिथे पोर्गी राहतो. पायांनी अधू, बकरीच्या गाडीतून फिरून भीक मागणारा. एका रात्री फाशांच्या डावावर भांडण होतं, क्राउन नावाचा आडदांड हमाल एकाला ठार मारून पळून जातो. त्याच्याबरोबर राहणाऱ्या बेसला वाड्यात कुणी दार उघडत नाही. पोर्गी उघडतो. ती दोघं एकत्र राहू लागतात आणि दोघंही बदलतात. मग वादळ येतं, क्राउन परत येतो आणि बेसवर हक्क सांगू लागतो. पोर्गी त्याला मारतो. पोलिसांना पोर्गीवर संशय नसतो, प्रेताची ओळख पटवायला म्हणून ते त्याला बोलावतात. तो प्रेताकडे बघायला तयार नसतो, म्हणून काही दिवस कोठडीत जातो. परत येतो तेव्हा बेस गेलेली असते.

इथपर्यंत दोन्हीकडे साधारण एकच. कादंबरीत बेसला दारू पाजून हमाल सव्हानाला घेऊन गेलेले असतात. पोर्गीला ते कळतं आणि तो तिथेच बसून राहतो. शेजारीण त्याच्याकडे बघते, तर समोर एक म्हातारा माणूस बसलेला. सकाळचं ऊन पडलेलं असतं. कादंबरी संपते.

रंगमंचावर असं होत नाही. तिथे स्पोर्टिंग लाइफ नावाचा कोकेन विकणारा छानछोकीचा माणूस बेसला न्यूयॉर्कला घेऊन गेलेला असतो. पोर्गी विचारतो, न्यूयॉर्क कुठे आहे? उत्तरेला, फार लांब, असं लोक सांगतात. तो म्हणतो, माझी गाडी आणा. आणि निघतो. बकरीच्या गाडीतून, चार्ल्सटनहून न्यूयॉर्कला! नकाशावर बघा, हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे.

हा बदल गर्श्विनने केलेला नाही. तो केला डोरोथी हेवर्ड यांनी, म्हणजे लेखकाच्या पत्नीने. त्या स्वतः नाटककार होत्या. कादंबरीचं नाटक होऊ शकतं हे नवऱ्याला पटायच्या आधीच त्यांनी ते लिहायला घेतलं होतं. थिएटर गिल्ड या संस्थेने १९२७ साली ते न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आणलं, रूबेन मामुलियन यांनी दिग्दर्शन केलं, साडेतीनशेहून अधिक प्रयोग झाले. पुढे १९३५ साली संगीत नाटकाचं दिग्दर्शनही मामुलियन यांच्याकडेच आलं. संगीत नाटकाच्या इतिहासात डोरोथीबाईंचं नाव कोपऱ्यात छापलं जातं, ही आमची एक जुनी तक्रार आहे. असो.

आता शेवट बदलल्याने काय झालं? आम्ही वर्गात ॲरिस्टॉटल शिकवत असू तेव्हा एक मुद्दा मुलांना पटवायला वेळ लागायचा. शोकांतिका ही माणसांची नक्कल नाही, कृतीची आहे, असं तो म्हणतो. नाट्यगीताला तो शोकांतिकेच्या अलंकारांत सगळ्यात वरचं स्थान देतो, पण आत्मा मात्र कथानकालाच म्हणतो. या कसोटीवर कादंबरीतला पोर्गी अडचणीचा आहे. त्याने एक कृती केली, क्राउनला मारलं. त्यानंतर जे घडतं ते सगळं त्याच्यावर घडतं. शेवटी तो पाहण्याचा विषय होऊन बसतो. शेजारीण त्याच्याकडे पाहते, लेखक पाहतो, आपण पाहतो. आपल्याला कळवळा येतो, पण त्या कळवळ्यात एक अंतर असतं.

ते अंतर कुठून आलं हे हेवर्डच्या आयुष्यात दिसतं. तो गोरा होता, चार्ल्सटनच्या जुन्या खानदानातला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत त्याचा एक पूर्वज होता. पण वडील लहानपणीच गेले, पैसा संपला होता, शाळा सुटली, पोलिओ झाला. तरुणपणी तो धक्क्यावर कापसाच्या मोजदादीचं काम करायचा आणि तिथल्या कृष्णवर्णीय हमालांना रोज बघायचा. त्यांची गला बोली (आपला दुकानातला गल्ला नव्हे, त्या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची भाषा) त्याच्या कानात होती. त्याची आई त्या बोलीतल्या गोष्टी जाहीर कार्यक्रमांत सांगायची. पोर्गीसुद्धा त्याला रस्त्यातच भेटला. सॅम्युअल स्मॉल्स नावाचा एक भिकारी बकरीच्या गाडीतून चार्ल्सटनमध्ये फिरत असे. एका बाईवर गोळी झाडल्याच्या प्रकरणात त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं आणि हेवर्ड चकित झाला. आपण ज्याला रोज नाणं टाकतो त्या माणसाला मत्सर होतो, राग येतो, तो प्रेम करतो? कादंबरीचं बीज या आश्चर्यात आहे. आश्चर्य प्रामाणिक आहे, हेवर्डच्या काळातल्या कितीतरी गोऱ्या लेखकांना तेवढंही वाटलं नव्हतं. पण ज्याला असं आश्चर्य वाटतं तो बाहेर उभा असतो, हेही खरं.

नाटकात बाहेर उभं राहून भागत नाही. रंगमंचावर कुणीतरी जिवंत माणूस उभा करावा लागतो. आणि तो कोण, हा १९२७ सालच्या अमेरिकेत फार मोठा प्रश्न होता. गोरा नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय पात्र करतो, ही तिथली लोकप्रिय परंपरा होती. 'पोर्गी' नाटकात मात्र कृष्णवर्णीय भूमिका कृष्णवर्णीय नटांनीच केल्या. पोर्गी होता फ्रँक विल्सन, बेस झाली एव्हलिन एलिस, आणि रोझ मॅक्लेंडन ही त्या काळची मोठी अभिनेत्री त्यात होती. आम्हाला असं वाटतं की शेवट बदलण्यामागे हेही एक कारण असावं. म्हणजे डोरोथीबाईंनी तसं लिहून ठेवलंय असं नाही, हा आमचा तर्क. पण खरा माणूस समोर असताना त्याला नुसतं बसवून ठेवून पडदा पाडणं अवघड जातं.

गर्श्विनने कादंबरी १९२६ साली वाचली आणि लगेच हेवर्डला पत्र लिहिलं की मला याचा ऑपेरा करायचा आहे. पण काम सुरू व्हायला सात-आठ वर्षं गेली. मधल्या काळात एक वेगळीच शक्यता पुढे आली होती. अल जोल्सन हा तोंड रंगवून गाणारा त्या काळचा सगळ्यात महागडा तारा, त्याला पोर्गीची भूमिका करायची होती. संगीत जेरोम कर्नचं आणि शब्द ऑस्कर हॅमरस्टीनचे, अशी बोलणी १९३२च्या सुमारास झाली. हेवर्डला तेव्हा पैशांची गरज होती. ते जमलं नाही, हे आपलं नशीब म्हणायचं. जोल्सन बकरीच्या गाडीत बसला असता तर आज कुणी हे नाव घेतलं नसतं.

१९३४च्या उन्हाळ्यात गर्श्विन चार्ल्सटनजवळच्या फॉली बेटावर जाऊन राहिला. न्यूयॉर्कचा, ज्यू निर्वासितांचा मुलगा. शेजारच्या जेम्स बेटावर गला लोकांच्या प्रार्थनासभा होत, त्यात टाळ्या आणि पावलांच्या ठेक्यावर गाणं चालायचं. हेवर्डने नंतर लिहिलं आहे की गर्श्विन तिथे नुसता ऐकत बसला नाही, त्यांच्यात उतरून ठेका धरला. त्याने लोकगीतं मात्र उचलली नाहीत, सगळ्या चाली स्वतः बांधल्या.

इथे थोडं रूपाबद्दल सांगायला हवं, कारण मराठी श्रोत्याला ते चटकन कळतं. आपल्याकडे किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, पात्रं बोलता बोलता पद घेतात आणि पद संपलं की पुन्हा गद्यावर येतात. ब्रॉडवेचं म्युझिकल साधारण याच जातीचं. ऑपेरात गद्य जवळजवळ नसतंच, 'जरा दार लाव' हेसुद्धा गाऊन म्हणायचं. गर्श्विनने 'पोर्गी'ला लोकऑपेरा म्हटलं आणि सगळं गाण्यात बांधलं. पण एक अपवाद ठेवला. या कलाकृतीत जे थोडे गोरे लोक येतात, पोलीस, वकील, तपास अधिकारी, ते गात नाहीत. ते फक्त बोलतात.

याचा परिणाम काय होतो बघा. कॅटफिश रोमध्ये माणसं भांडतात, जुगार खेळतात, रडतात, मासे विकतात, सगळं सुरात. दार ढकलून गोरा पोलीस येतो आणि संगीत थांबतं. त्याच्या कोरड्या हुकमाखाली सगळा वाडा चिडीचूप होतो. तो गेला की हळूहळू सूर परत येतो. सत्ता कोणाकडे आहे आणि जगणं कोणाकडे आहे, हे सांगायला एक संवादही लागत नाही. कादंबरीत हे करताच आलं नसतं. संगीत नाटकाने कादंबरीत जी भर घातली तिच्यातली ही आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते.

प्रयोग कुठे करायचा? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या मंचावर त्या काळी कृष्णवर्णीय गायकाला भूमिका मिळत नसे. मेरियन अँडरसन तिथे पहिल्यांदा गायली ती १९५५ साली. म्हणून ऑपेरा असूनही हे ब्रॉडवेवर आलं. ३० सप्टेंबर १९३५ ला बोस्टनला पहिला प्रयोग, मग लांबी कमी करून १० ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या ॲल्विन थिएटरात. १२४ प्रयोग झाले. ऑपेरासाठी हा आकडा अफाट, ब्रॉडवेच्या हिशेबात पडेल. पैसे बुडाले. गर्श्विन जुलै १९३७ मध्ये मेंदूतल्या गाठीने गेला, तेव्हा तो अवघा ३८ वर्षांचा होता. या कलाकृतीचं पुढे काय झालं ते त्याने पाहिलं नाही.

पोर्गी झाला टॉड डंकन. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात संगीताचा प्राध्यापक, शास्त्रीय गाणं शिकलेला. बेस झाली ॲन ब्राउन, बाल्टिमोरच्या डॉक्टरांची मुलगी, जुलियार्डची विद्यार्थिनी. ती गर्श्विनकडे गाऊन दाखवायला गेली तेव्हा तिने युरोपीय संगीत गायलं. त्याने विचारलं, एखादं 'स्पिरिच्युअल' म्हणशील का? म्हणजे गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेलं भक्तिगीत. ती चिडली. आम्ही काळे म्हणून आमच्याकडून नेहमी हेच का मागता? गर्श्विनला ते समजलं, आणि मग तिने आपणहून एक गायलं, साथीशिवाय. हा प्रसंग तिने म्हातारपणीही मुलाखतीत सांगितला आहे. कॅटफिश रोमधले जुगारी, दारुडे आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेले लोक पाहून तिच्या वडिलांना मात्र वाईट वाटलं होतं. सुशिक्षित कृष्णवर्णीय घरातल्या माणसाला ते चित्र बघून काय वाटलं असेल, हे समजणं अवघड नाही.

आता १९३६ सालच्या मार्च महिन्यात या. न्यूयॉर्कनंतर दौरा निघाला आणि शेवटचा मुक्काम होता वॉशिंग्टन, नॅशनल थिएटर. देशाची राजधानी. या नाट्यगृहात कृष्णवर्णीयांना प्रेक्षक म्हणून प्रवेश नव्हता. म्हणजे टॉड डंकन मंचावर नायक, पण त्याच शहरात तो ज्यांना शिकवत होता ते विद्यार्थी त्याला ऐकायला तिकीट काढू शकत नव्हते. तो स्वतःही दुसऱ्या दिवशी त्याच नाट्यगृहात तिकीट काढू शकला नसता. डंकन आणि ॲन ब्राउन यांनी सांगितलं, आम्ही गाणार नाही. व्यवस्थापनाने मधले मार्ग काढून पाहिले, अमुक प्रयोगाला येऊ द्या, तमुक जागांवर बसवू. डंकनचं म्हणणं एकच होतं. कुणालाही, कुठल्याही जागेचं तिकीट. करार मोडल्याचा दावा होऊ शकत होता, पुढची कामं जाऊ शकत होती. तरी दोघं हटले नाहीत, आणि शेवटी व्यवस्थापन वाकलं. त्या प्रयोगांपुरतं नॅशनल थिएटरमध्ये काळे-गोरे शेजारी शेजारी बसले.

आपल्यापैकी काहींना इथे नाशिक आठवेल. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०चा, त्याच दशकातला. दाराशी कुणी थांबायचं आणि आत कुणी जायचं, हा प्रश्न दोन खंडांत एकाच वेळी विचारला जात होता.

प्रयोग संपले आणि नॅशनल थिएटर पुन्हा जुन्या नियमावर गेलं. पुढे नटांच्या संघटनेने बहिष्कार घातला तेव्हा सर्वांना प्रवेश देण्याऐवजी त्यांनी १९४८ साली नाटकंच बंद केली आणि चार वर्षं तिथे सिनेमा दाखवला. १९५२ साली दारं सगळ्यांना उघडली. आणि ज्या शहराची ही कथा, त्या चार्ल्सटनने हा खेळ कधी पाहिला? १९७० साली! पन्नाशीच्या दशकात तिथे एक प्रयत्न झाला होता, तो प्रेक्षकांना कसं बसवायचं या प्रश्नावर बारगळला. कॅटफिश रोचं संगीत तोवर व्हिएन्ना, लंडन, मिलान, लेनिनग्राड, मॉस्को सगळीकडे वाजून आलं होतं. लेओन्टिन प्राइस त्या पन्नाशीच्या दौऱ्यात सुरुवातीला बेस होती. शीतयुद्धाच्या दिवसांत अमेरिकेचं परराष्ट्र खातं या कलाकारांना परदेशात मिरवत होतं आणि मायदेशात त्यांना कुठे बसता येईल याचे नियम वेगळे होते.

मधे १९४२ साली चेरिल क्रॉफर्ड यांनी हे पुन्हा ब्रॉडवेवर आणलं. नटसंच लहान केला, वाद्यवृंद लहान केला आणि गाऊन म्हणायचे संवाद काढून साधं बोलणं घातलं. ऑपेराचं म्युझिकल झालं. प्रयोग धो धो चालले. लोकप्रियता त्या आवृत्तीने मिळवून दिली हे मान्य करावं लागतं. पण गोरे बोलतात आणि काळे गातात, हा फरक त्यात पुसला गेला. तो परत यायला १९७६ साली ह्यूस्टन ऑपेराने मूळ संहिता पूर्ण उभी करेपर्यंत वाट पाहावी लागली.

आणि विरोध? तो सुरुवातीपासून आहे, आणि तो तोंडी लावण्यापुरता नाही. कृष्णवर्णीय संगीतकार हॉल जॉन्सन यांनी १९३६ सालीच लिहिलं की हे आमच्याबद्दल आहे, पण आमचं नाही. हॅरोल्ड क्रूझ यांनी १९६७ साली तर कृष्णवर्णीय कलाकारांनी यावर बहिष्कार घालावा असं म्हटलं. १९५९च्या चित्रपटात काम करायला हॅरी बेलाफोंटे यांनी नकार दिला आणि सिडनी पॉइटिए यांनी नाखुशीने होकार दिला. आमचं मत विचाराल तर आक्षेप खरा आहे. तीन गोऱ्या लेखकांनी आणि एका गोऱ्या संगीतकाराने काळ्यांच्या वाड्याचं चित्र काढलं, आणि त्या चित्रात डॉक्टर नाही, शिक्षक नाही, ॲन ब्राउनचे वडील नाहीत. पण त्याच खेळाने दोन-तीन पिढ्यांच्या कृष्णवर्णीय गायकांना असा मंच दिला जो दुसरं कुणी देत नव्हतं, हेही खरं आहे. यातलं एक खोडून दुसरं ठेवता येत नाही. गर्श्विनच्या वारसांनी प्रयोगांसाठी कृष्णवर्णीय नटसंचाची अट घातली ती या इतिहासामुळेच. हंगेरीच्या सरकारी ऑपेराने २०१८ साली ती डावलून गोऱ्या गायकांना घेऊन प्रयोग केले. पुढच्या वर्षी बातमी आली की आफ्रिकी-अमेरिकी वंश हा आमच्या अस्मितेचा भाग आहे, असं गायकांकडून लिहून मागितलं गेलं होतं. आम्ही चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण असं प्रतिपादन कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

पुन्हा शेवटाकडे येऊ. २०११ साली दिग्दर्शिका डायान पॉलस आणि कृष्णवर्णीय नाटककार सुझन-लोरी पार्क्स यांनी नवी ब्रॉडवे आवृत्ती तयार करायला घेतली, पुन्हा गद्य संवाद असलेली. पात्रांना पूर्वेतिहास द्यायचा आणि शेवट अधिक आशादायक करायचा, असा त्यांचा बेत वर्तमानपत्रात आला. त्यावर स्टीफन साँडहाइम या ज्येष्ठ संगीतकाराने न्यूयॉर्क टाइम्सला जळजळीत पत्र लिहिलं. मूळ कलाकृतीवर तुमचा विश्वासच नसेल तर ती करता कशाला, असा त्याचा सूर होता. साँडहाइम ज्या शेवटाचं रक्षण करत होता तो मुळात कादंबरीचा नव्हताच, तो १९२७ साली एका बाईने बदललेला होता, याची आम्हाला तेव्हा गंमत वाटली होती. बदललेला शेवट ऐंशी वर्षांत मूळ होऊन बसला होता.

नवा शेवट मागे घेतला गेला. पण एक बदल राहिला. त्या आवृत्तीत बकरीची गाडी काढून टाकली होती. नॉर्म लुइस हा नट पोर्गी झाला होता, काठी टेकत, पाय ओढत चालणारा. बेसच्या भूमिकेत ऑड्रा मॅक्डोनल्ड होती, तिला त्या वर्षीचं टोनी पारितोषिक मिळालं. शेवटच्या प्रवेशात पोर्गी विचारतो, न्यूयॉर्क कुठे आहे? लोक दिशा दाखवतात. तो उठतो आणि पायाला बांधलेल्या पट्ट्यांच्या आधाराने, स्वतःच्या पायांवर चालत निघतो.